शुक्रवारी रक्त येत नाही

खुर्चीत बसलेल्या बाळारामनं तोंडावरचं फडकं काढलं आणि खालचा ओठ माझ्यासमोर उलटा केला. बाहेरून माराचा निळसर डाग होता आणि आत जखम पुन्हा उघडली होती. मी चरफडले. एवढीशी जखम, फार तर तांदळाच्या दाण्याएवढी, आणि आठवडा होत आला तरी मिटायचं नाव नाही. एखादी हट्टी दाढ काढायला मला याच्या निम्मा त्रास झाला असता.

खुर्चीच्या एका बाजूला त्याची बायको गुलाब उभी होती, दुसऱ्या बाजूला त्याची आई. गुलाबच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ती खाली फरशीकडे बघत होती. आई माझ्याकडे बघत होती.

"डाक्टर बाय, आता बस झालं," आई म्हणाली. "याला मी उद्या खारबावला नेते. आन हिला धाडते अंजूरला, तिच्या आईकडं. हिच्या हाताला गुणच न्हाय."

ती रागानं बोलली असती तर मी दुर्लक्ष केलं असतं. पण ती अगदी शांतपणे बोलली, ठरवून. आमच्याकडे सून अशी माहेरी 'धाडली' की ती परत कधी येईल हे कुणी सांगू शकत नाही. गुलाबलाही ते माहीत होतं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. भिवंडीत माझा दाताचा दवाखाना नवा नवा होता. दातांची डॉक्टर, त्यात बाई, म्हणून लोक आधी दारातून डोकावून जायचे आणि दुखणं अगदी असह्य झालं की मगच आत यायचे. बाळाराम पहिल्यांदा आला तेव्हा मात्र धावत आला होता, आणि त्याचं तोंड अर्धं पिवळं आणि अर्धं काळं होतं.

घडलं होतं असं. गुलाब चाळीतल्या नळावरून पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन आली. बाळाराम दारातच होता. त्यानं पुढं होऊन तिच्या डोक्यावरचा हंडा उतरवायला हात घातला. नवीन लग्न, हौस होती बिचाऱ्याला. हंडा तिरका झाला आणि त्याचा काठ बसला खालच्या ओठावर. ओठ दातावर आपटून आतून फाटला. तोंडभर रक्त. आई तेव्हा गावाहून दोन दिवस राहायला आलेली. तिनं पहिल्यांदा 'बायकोचा हंडा उतरवणाऱ्या' लेकाला दोन शब्द सुनावले, मग जखमेत चिमूटभर हळद कोंबली, आणि हळदीनं थांबेना म्हणून वरून आपल्या डबीतली मशेरी दाबली. मशेरी म्हणजे भाजून केलेली तंबाखूची पूड. आमच्या भागातल्या बायका ती दाताला लावतात आणि दात गेला तरी सोडत नाहीत.

मी ते सगळं धुऊन काढलं तेव्हा आत काय होतं? एक लहानशी चीर. टाका घालायचीही गरज नव्हती. पण तोंडातली जखम बघून माणसं घाबरतात ते उगीच नाही. ओठाला, जिभेला रक्ताचा पुरवठा भरपूर. त्यात लाळ मिसळते, म्हणजे चमचाभर रक्त वाटीभर दिसतं. पुष्कळ वेळा जखमेपेक्षा घाबरगुंडीच मोठी असते.

त्या दिवशी मी गुलाबला समोर बसवून सगळं शिकवलं होतं. बाळारामला नाही, कारण तोंडात फडकं धरलेला पुरुष अर्धंच ऐकतो. स्वच्छ धुतलेलं, उकळलेलं पांढरं फडकं घ्यायचं. थंड पाण्यात पिळायचं. जखमेवर ठेवून बोटानं दाबून धरायचं, चांगली दहा मिनिटं. आणि मधे उघडून बघायचं नाही. सगळी ग्यानबाची मेख इथं असते. थांबलं का, थांबलं का करत लोक दर मिनिटाला फडकं उचलतात, आणि जखमेवर धरू लागलेली गुठळी फडक्याबरोबर निघून येते. सूज येऊ नये म्हणून बाहेरून बर्फ. घरात फ्रीज कुणाकडे होता तेव्हा? मासळीवाल्याकडचा बर्फ आणायचा, धुवायचा, फडक्यात बांधायचा आणि गालाकडून लावायचा. पहिला दिवस चूळ नाही, थुंकणं नाही. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्यानं तोंड खळबळायचं, तेही हळू. गरम चहा नको, तिखट नको, तंबाखू नको.

"आणि काही चोखायचं नाही," मी बजावलं होतं. "शेवग्याची शेंग नाही, माशाचं डोकं नाही. चोखलं की गुठळी सुटते आणि रक्त पुन्हा सुरू होतं."

दाढ काढल्यावर आम्ही प्रत्येकाला हेच सांगतो. माशाचं डोकं ऐकून बाळारामचा चेहरा पडला, पण मान डोलावली.

"कामावर जाऊ का?" त्यानं फडक्याआडून विचारलं. तो पॉवरलूमवर विणकर होता, दिवसाच्या शिफ्टला. शेतावर तीन भाऊ, म्हणून हा एकटा भिवंडीत येऊन लूमला लागलेला.

"काम कसलं आहे?"

"हाताचं हाय बाय. तोंडाचं काय न्हाय त्यात."

मग जायला काय हरकत आहे, असं मी म्हणाले. लूमवर गैरहजर राहिलं की तिथं दुसरा माणूस उभा राहतो, हे भिवंडीत सगळ्यांना ठाऊक.

मशेरी माझ्या बेसिनमधून वाहून गेली तेव्हाच आईचं तोंड उतरलं होतं. तिच्या औषधाला मी घाण म्हणाले आणि तिच्या लेकाचं तोंड सुनेच्या हवाली केलं. तसा अपमान मला करायचा नव्हता, पण झाला खरा. शेतावर लावणी अडली होती म्हणून ती दुसऱ्या सकाळी खारबावला निघून गेली.

त्याच संध्याकाळी बाळाराम पुन्हा आला, तोंडाला फडकं लावून. मी दाबलं, थांबवलं, घरी पाठवलं. एक दिवसाआड पुन्हा हजर. गुलाब दर वेळी बरोबर. मी तिला खोदून खोदून विचारलं, ती सगळ्याला बरोबर उत्तर द्यायची. कालवण बिनतिखट देते. भाकरी दुधात कुस्करून देते. चहा गार करून देते. तंबाखूची पुडी तिनं स्वतः नळाच्या मोरीत ओतली होती. मग मला रक्ताचीच शंका आली. काही माणसांचं रक्त लवकर गोठत नाही. तसं असेल तर मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवावं लागलं असतं. मी त्याच्या कानाच्या पाळीला सुई टोचली आणि टीपकागद लावत घड्याळ बघत बसले. ही साधी तपासणी असते, रक्त थांबायला किती वेळ लागतो ती. कानाचं रक्त शहाण्यासारखं लगेच थांबलं. म्हणजे रक्त चांगलं होतं. गडबड काहीतरी ओठाशीच होत होती.

आणि आता हे तिघं माझ्यासमोर. वार शनिवार.

"आई, जरा थांबा," मी म्हणाले. "हिचा दोष आहे हे तुम्ही कशावरून म्हणता?"

तिला हेच हवं होतं. तिनं पदर खोचला. लावणी उरकली म्हणून ती गुरुवारी संध्याकाळी परत आली, तेव्हा लेकाच्या तोंडाला रक्त. शुक्रवारी दिवसभर ती स्वतः घरात. तिनंच रांधलं, तिनंच वाढलं, सुनेला जवळही येऊ दिलं नाही. शुक्रवारी रक्ताचं टिपूस आलं नाही. आज शनिवारी तिनं कारभार पुन्हा सुनेकडे दिला, झालं, संध्याकाळी रक्त.

"आता तुम्हीच सांगा," ती म्हणाली.

वकिलानंसुद्धा मान खाली घातली असती असा पुरावा. मी गुलाबकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. सासूसमोर काय बोलणार.

मी बाळारामच्या ओठावर उजेड पाडला आणि चिमट्यानं जखम साफ करायला घेतली. गुठळीत काहीतरी अडकलं होतं. ते ओढून कापसावर ठेवलं. धाग्याचे दोन-तीन बारीक तंतू, निळे.

"फडकं कसलं वापरता?" मी विचारलं.

"पांढरं," गुलाब म्हणाली.

"मग हे निळं कुठून आलं?"

आई कापसावर वाकली. तिची नजर अजून चांगली होती. "बघा," ती म्हणाली. "म्हंजे कसलंबी फडकं कोंबते ही त्याच्या तोंडात. मी मशेरी लावली ती घाण, आन हे काय?"

"न्हाय बाय," गुलाब पहिल्यांदाच मान वर करून बोलली. "माझ्या आईची शपथ घेते. लग्नातल्या पांढऱ्या पंच्याची फडकी केलीत. रोज उकळते. तुम्ही घरी येऊन बघा. आता बघा न्हाय तर उद्या बघा, पण बघा. मग मला कुठं धाडायचं तिथं धाडा."

तिचा आवाज कापत होता. वास्तविक दाताच्या डॉक्टरनं घरी जाऊन बघायची पद्धत नसते. आमचा पेशंट खुर्चीत येतो आणि खुर्चीतून जातो. पण त्या पोरीचा संसार माझ्या एका निळ्या तंतूवर टांगला गेला होता, आणि तो तंतू मी काढला होता. उद्या दुपारी येते, असं सांगून मी आईला तोवर कुणालाही कुठं न धाडण्याचं कबूल करायला लावलं. तिनं कबूल केलं. म्हणाली, हिची पिशवी भरून ठेवते, धाडायचं नंतर बघू.

रविवारी सकाळचे पेशंट संपवून मी निघाले. भिवंडीत रविवार म्हणजे कामाचा दिवस, लूमला सुट्टी शुक्रवारी. बाळारामची चाळ कारखान्याला पाठ लावून होती. एका भिंतीपलीकडे लूम, अलीकडे संसार. खोलीत पाय ठेवला आणि मला कळलं, इथं माणसं मोठ्यानं का बोलतात. खडाक-खटक, खडाक-खटक, भिंत हादरत होती आणि मांडणीवरची भांडी आपोआप वाजत होती. नवऱ्या मुलीची पहिली झोप इथं कशी लागली असेल, असं मनात आलं.

दारामागे खिळ्याला पिशवी लटकत होती. भरलेली.

गुलाबनं मला काही न बोलता सगळं दाखवलं. स्टोव्हवर पातेलं. त्यावर झाकण. झाकणाखाली उकळून गार केलेलं पाणी. दोरीवर पांढऱ्या फडक्यांच्या चौकोनी घड्या, आणि त्यांवर धूळ बसू नये म्हणून वरून दुसरं धुतलेलं कापड. मिठाची बरणी वेगळी. कितीतरी डॉक्टरांच्या दवाखान्यात मी याहून मळकी फडकी बघितली आहेत. निळं कापड त्या घरात एकच होतं, आईच्या अंगावरचं लुगडं.

"फडकी स्वच्छ आहेत," मी आईला म्हणाले. "यात हिची काही चूक नाही."

"मग निळं कुठून आलं?" आई म्हणाली. ती हटणारी बाई नव्हती, आणि प्रश्न बरोबर होता.

भिंत पुन्हा हादरली आणि मांडणीवरची भांडी वाजली. मी उगाच विचारलं, "हल्ली कारखान्यात माल कोणता चालू आहे?"

"लुंगीचा," गुलाब म्हणाली. "निळा."

आम्ही तिघींनी भिंतीकडे बघितलं. मग मी चप्पल घातली.

लूमच्या शेडमध्ये बायका जात नाहीत. कांडी भरायचं काम बायका करतात, पण घरी किंवा बाहेरच्या पडवीत. कांडी म्हणजे सूत गुंडाळलेली छोटी लाकडी नळी. दारातच मुकादम आडवा आला. उत्तरेकडचा, वयस्कर, चष्म्यावर रुईचा थर. "अंदर औरतें नहीं जातीं, बहनजी," तो म्हणाला. मी दाताची डॉक्टर आहे आणि तुमच्या माणसाच्या तोंडातलं रक्त थांबत नाहीये, असं मी त्याच्या कानाशी ओरडून सांगितलं. 'खून' शब्द ऐकल्यावर तो बाजूला झाला. आम्ही तिघी आत गेलो, मी पुढे, मागे सासू, तिच्यामागे सून.

आत हवेत रुई तरंगत होती. बाळाराम चार लूमच्या मधे उभा होता, आमच्याकडे पाठ करून. मी हाक मारली, पण तिथं स्वतःची हाक स्वतःला ऐकू येत नव्हती. तेवढ्यात त्याचा एक लूम थांबला. कांडी संपली होती. त्यानं धोटा बाहेर काढला. धोटा म्हणजे हातभर लांबीची लाकडी होडीच समजा, दोन्ही टोकांना निमुळती. तिच्या पोटात कांडी बसते आणि ती ताण्यातून, म्हणजे उभ्या धाग्यांतून, इकडून तिकडे धावते. बाळारामनं रिकामी कांडी फेकली, निळ्या सुताची भरलेली बसवली. धोट्याच्या बाजूला एक बारीक भोक असतं. सूत त्या भोकातून बाहेर यावं लागतं.

त्यानं धोटा तोंडाला लावला. ओठ भोकावर घट्ट दाबले आणि जोरात श्वास आत ओढला. फट्कन सूत तोंडात आलं. ते त्यानं ओठांत धरून बाहेर ओढलं, धोटा लूमवर ठेवला, दांडा खेचला आणि लूम चालू. डोळ्याची पापणी लवावी इतकं सहज. मग त्यानं खांद्याच्या बाहीला ओठ पुसला. बाही तिथं लाल होती.

शेवग्याची शेंग नको, माशाचं डोकं नको असं मी या माणसाला सांगितलं होतं. आणि हा दिवसभर, कांडी संपेल तेव्हा, चार लूमवर, जखमेचा ओठ लाकडावर दाबून जोरानं चोखत होता.

पलीकडचा लूम थांबला. तिथल्या माणसानंही धोटा तोंडाला लावला. त्याच्या पलीकडच्यानंही. तेव्हा माझं लक्ष गेलं. शेडमधल्या प्रत्येकाच्या खालच्या ओठावर, अगदी मधोमध, एक निळा ठिपका होता. इतके दिवस बाळारामच्या ओठावरचा निळसर डाग मी माराचा समजत होते.

बाळारामला आम्ही दिसलो. आईला आणि बायकोला शेडमध्ये बघून तो इतका दचकला की धावत आला. मुकादमानं आम्हाला पडवीत नेलं, तिथं थोडं ऐकू येत होतं.

"हे काय करता तुम्ही तोंडानं?" मी विचारलं.

"काय?"

"धोटा तोंडाला लावता ते."

बाळारामनं हळूच आपल्या ओठाला हात लावला. मला खात्री आहे, त्या क्षणापर्यंत त्याला हे ठाऊकच नव्हतं. म्हणजे ठाऊक होतं, पण आपण श्वास घेतो हे जसं ठाऊक असतं तसं. खोटं तो एक अक्षर बोलला नव्हता.

"ये तो सब करते हैं, डॉक्टरनी साहिबा," मुकादम म्हणाला. "हमारे वालिद भी ऐसे ही करते थे."

"वालिद के ओठ को घाव था क्या?" मी माझ्या हिंदीत विचारलं. वडिलांचा विषय निघाल्यावर त्यानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

मग मी आईकडे वळले आणि तिला शुक्रवारचा हिशेब सांगितला. शुक्रवारी कारखाना बंद. धोटा नाही, म्हणून रक्त नाही. तुमच्या हातच्या जेवणानं थांबलं नव्हतं आणि गुलाबच्या हातच्या जेवणानं सुरू झालं नव्हतं. पोरीनं दाबून थांबवलेलं रक्त हा रोज सकाळी कामावर येऊन पुन्हा सुरू करत होता. आईनं सगळं ऐकून घेतलं. लेकाच्या लाल बाहीकडे बघितलं.

मी मुकादमाला विचारलं, तोंड न लावता सूत काढता येत नाही का? त्यानं खिशातून तारेचा आकडा काढला. तुटलेला धागा लूमच्या फणीतून ओढायला असा आकडा प्रत्येक विणकराजवळ असतोच. त्यानं तो धोट्याच्या भोकात घालून सूत बाहेर ओढून दाखवलं. येत होतं, पण वेळ लागत होता. "टाइम खाता है," तो म्हणाला. मी म्हणाले, खाऊ द्या, नाहीतर हा माणूस रक्तच खात बसेल. आठ दिवस बाळाराम आकडा वापरेल असं त्यानं कबूल केलं. वरून तो इतरांवर ओरडला की हसू नका म्हणून, कारण सगळे हसायला लागले होते.

तेवढ्यात ओठातून रक्त पुन्हा झिरपायला लागलं. गुलाबनं कमरेची घडी काढली, उकळलेल्या फडक्याची, आणि बाळारामच्या ओठावर ठेवून दाबली. इतके दिवस करत होती तसंच. मग त्याचा हात धरून त्याचंच बोट फडक्यावर ठेवलं.

"आता दाबून धरा," मी म्हणाले. "बोलायचं नाही, उघडायचं नाही."

आईनं सुस्कारा टाकला. झालं गेलं गंगेला मिळालं, असा तिचा चेहरा. "चल गं," ती गुलाबला म्हणाली. "डाक्टर बायंना चहा टाक."

गुलाब जागची हलली नाही.

"चहा तुम्ही टाका, आये," ती म्हणाली. आवाज अजिबात वर गेला नव्हता. "माझी पिशवी भरलेली हाय. तुम्हीच भरलीव. मी अंजूरला जाते."

"आता कशाला?" आई म्हणाली. "आता कळलं ना सगळं."

"तुम्हाला आज कळलं. मला आधीच माहीत व्हतं, मी काय केलं न्हाय ते. यांचं फडकं आता तुम्ही धरा. माझ्या हाताला गुण न्हाय."

ती वळली आणि खोलीकडे चालायला लागली. बाळाराम तिच्यामागे दोन पावलं गेला. त्याला काहीतरी सांगायचं होतं, ते त्याच्या डोळ्यांत मावत नव्हतं. त्यानं फडकं काढायला हात हलवला आणि माझ्याकडे बघितलं. मी डॉक्टर होते. मला मान हलवून नाही म्हणावं लागलं. माझ्या आयुष्यात मी पेशंटला दिलेला हा सगळ्यात जड सल्ला. वाईट वाटलं मला, फार वाईट वाटलं, पण रक्त वाहत होतं.

पिशवी घेऊन गुलाब बाहेर आली. बाळारामनं एका हातानं ओठ दाबला होता. दुसऱ्या हातानं त्यानं तिची पिशवी घेतली आणि तिच्याबरोबर स्टँडच्या दिशेनं चालू लागला. मुकादम ड्युटी-ड्युटी असं काहीतरी पुटपुटला, मी त्याच्याकडे बघितलं, तो आत गेला. आई पडवीत उभी होती. नंतर तिनं खरंच मला चहा करून दिला.

पुढचं सगळं आईनंच केलं. खारबावला परत न जाता ती भिवंडीत राहिली. उकळलेली फडकी, मिठाचं कोमट पाणी, बिनतिखट कालवण. दोन दिवसांनी लेकाला घेऊन दवाखान्यात आली तेव्हा मला म्हणाली, दहा मिनिटं दाबून धरायचं म्हणजे हात भरून येतो हो. आणि सारखं वाटतं, उघडून बघावं. मी म्हणाले, वाटतं, पण बघायचं नाही. ती म्हणाली, माहीत आहे, ती पोरगी कधी बघायची नाही. गुलाबचं नाव तिनं घेतलं नाही, पण तो विषय तिनंच काढला होता.

आकडा वापरल्यावर ओठ आठवड्याच्या आत मिटला. त्यावर ठिपकाही राहिला नाही. कारखान्याच्या शेठना भेटून मी सांगितलं की एकच धोटा दिवसा एक माणूस तोंडाला लावतो आणि रात्री दुसरा, कुणाचा खोकला कुणाला लागेल याचा नेम नाही, दातांचं होतं ते वेगळंच. सगळ्यांना आकडा सक्तीचा करा. शेठ भले माणूस होते. बोलतो म्हणाले. चार दिवस सगळ्यांनी आकडा वापरला, मग कांड्या भराभर संपायला लागल्या की पुन्हा तोंड. एक बाळाराम तेवढा आकड्यावर राहिला. त्याचा माल थोडा कमी निघायचा आणि लोक चेष्टा करायचे.

ओठ बरा झाल्यावर तो अंजूरला गेला, गुलाबला आणायला. ती आली नाही. मग आई गेली. ती गेल्यावरही गुलाब लगेच निघाली नाही. नारळी पौर्णिमा झाल्यावर येते म्हणाली, आणि तशीच आली, भावाला बरोबर घेऊन, दिवसाउजेडी, चाळीतल्या सगळ्यांसमोरून. त्यानंतर ते दोघं कारखान्याच्या भिंतीपासून जरा लांब खोली घेऊन राहिले. आई येत-जात राहिली. सासू-सुनेचं पुढं गूळपीठ झालं असं मी म्हणणार नाही, पण 'धाडते' हा शब्द त्या घरात पुन्हा निघाला नाही, असं गुलाबनंच मला पुढं कधीतरी अक्कलदाढ दाखवायला आली तेव्हा सांगितलं.

मला मात्र एक सवय लागली ती लागली. ओठ, जीभ, हिरडी, काहीही घेऊन कुणी आलं की औषध सांगायच्या आधी मी विचारते, दिवसभर तोंडानं काय काय करता? लोक हसतात. जेवतो आणि बोलतो म्हणतात. मी पुन्हा विचारते. मग एखाद्या चांभाराला आठवतं की खिळे तोंडात धरतो, शिंप्याला आठवतं की दोरा दातानं तोडतो, वायरमनला आठवतं की वायर दातानं सोलतो. फडकं स्वच्छ असावं, दाबून धरावं, मधे उघडून बघू नये, रक्त थांबलंच नाही तर किंवा दात हलला तर घरी न बसता डॉक्टर गाठावा, हे सगळं खरंच आहे. पण तोंडाला काय झालं हे पेशंट आपणहून सांगतो, आणि तोंडानं काय करतो हे त्याला विचारावं लागतं.